ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर स्कॅन करून पैसे का भरता येत नाहीत? बिल आणि पेमेंट जुळवण्यातच महिना जातोय

लेथवाला_शिरोली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होईल पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझं शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं जॉबवर्क आहे, प्रोप्रायटरी फर्म. फाउंड्रीवाल्यांकडनं आणि पुण्याच्या दोन-तीन कंपन्यांकडनं कास्टिंग येतं, आमच्याकडं व्हीएमसी-सीएनसीवर काम होतं, चलनावर माल परत जातो आणि मग बिल. गेल्या वर्षी टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेला म्हणून एप्रिलपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, चालू झालं. त्याबद्दल तक्रार नाही, उलट मला ते आवडलं. टॅलीत बिल केलं की दोन-चार सेकंदांत आयआरएन (पोर्टलनं बिलाला दिलेला नंबर) येतो, क्यूआर येतो, समोरच्याला पोर्टलवर बिल आपोआप दिसतं. पूर्वी "तुमचं बिल जीएसटीत दिसत नाही" म्हणून फोन यायचे ते बंदच झाले.

अडचण त्याच्या पुढं आहे. बिल इतकं नीट जातं आणि पैसे येतात ते सगळे एकात एक मिसळून. स्टेटमेंटला एक ओळ, एनईएफटी, यूटीआर नंबर, पार्टीचं अर्धवट नाव आणि रक्कम, बास. कुठल्या बिलाचे ते आपण ओळखायचं.

मागच्या महिन्याचंच सांगतो. एका पार्टीकडं ९ बिलं होती, ७ लाखांचं काम, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६,०००, एकूण ८,२६,०००. जॉबवर्क म्हणून त्यांनी १ टक्का टीडीएस कापायचा, म्हणजे ७,०००, आणि रिजेक्शनची ११,८०० ची डेबिट नोट (बिलातून वजावट) आम्हाला मान्य होती. म्हणजे यायला पाहिजे होते ८,०७,२००. आले ७,९४,३३०. मिसेस हिशेब बघते, ती दोन दिवस १२,८७० चं बिल शोधत बसली आणि तसं बिलच नाही कुठं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की सॅम्पल लॉटचं १२,९८० चं एक छोटं बिल त्यांनी थांबवलंय आणि त्याच्यावरचा ११० रुपये टीडीएसही कापलेला नाही, म्हणून फरक १२,८७० चा. एका पार्टीच्या एका पेमेंटला तीन दिवस गेले. अशा अकरा पार्ट्या आहेत माझ्याकडं.

तोवर टॅलीत ते 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न लावता, टाकून ठेवावं लागतं आणि जुनी बिलं उघडीच दिसतात. सीसीसाठी (कॅश क्रेडिट कर्जासाठी) दर महिन्याला बँकेला येणेकऱ्यांची यादी द्यायची असते, ९० दिवसांवरची येणी आमची बँक ड्रॉइंग पॉवरला (किती उचल मिळेल त्या हिशेबाला) धरत नाही. म्हणजे पैसे आलेत पण बिलाला लागले नाहीत म्हणून कागदावर बिल जुनं दिसतंय आणि माझी लिमिट कमी होतीये. पगाराच्या आठवड्यात हे फार लागतं.

तर माझा प्रश्न असा की बिलावर एवढा मोठा क्यूआर आहेच तर तो स्कॅन करून पार्टीनं पैसे का भरू नयेत, म्हणजे बिल नंबर आपोआप पेमेंटबरोबर येईल? असं काही स्टँडर्ड आपल्याकडं आहे का, येणार आहे का, आणि तोपर्यंत तुम्ही लोक कसं करता?

सीए_मिरज

दादा, क्यूआरचा गैरसमज खूप जणांचा होतो, माझ्या दोन क्लायंटनी तर तो फोनपेने स्कॅन करून "चालत नाही" म्हणून मला फोन केला होता. ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर पेमेंटचा नाहीच. त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, बिलाची रक्कम, किती आयटम, मुख्य आयटमचा एचएसएन (मालाचा कोड) आणि आयआरएन एवढंच असतं आणि त्यावर पोर्टलची डिजिटल सही असते. कोणी खोटं बिल दाखवलं तर ओळखता यावं यासाठी तो आहे. त्यात तुमचा खातेनंबर नाही, यूपीआय आयडी नाही, मग पेमेंट अॅप काय वाचणार? यूपीआयवाला डायनॅमिक क्यूआर हा वेगळा नियम आहे, तो ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांना आणि तोही साध्या ग्राहकाला दिलेल्या बिलासाठी. आणि समजा तुमच्या बिलावर यूपीआय क्यूआर छापला तरी यूपीआयची नेहमीची मर्यादा १ लाख, तुमची कंपनी ८ लाख त्यातून कशी देणार.

आता मूळ मुद्दा. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा प्रत्येकाचं बिल वेगळं होतं, कोणाचं टॅलीत, कोणाचं एक्सेलमध्ये, कोणाचं अजून बिलबुकात. मग १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरच्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, पुढे १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत आलं. यात झालं काय तर देशभरातल्या बिलाचा एकच साचा ठरला, कुठल्याही सॉफ्टवेअरने केलं तरी आतले रकाने तेच. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती नीट पार पाडली असं माझं प्रामाणिक मत आहे, सुरुवातीला आम्ही सगळे रात्री अकरापर्यंत बसायचो तरीही.

पण त्या साच्यात पेमेंटचे रकाने आहेत हे किती जणांना माहिती आहे? पैसे कोणाच्या नावे, खातेनंबर, आयएफएससी, पेमेंटच्या अटी, किती दिवसांची उधारी, किती आले, किती बाकी, हे सगळं आहे त्यात. फक्त ऐच्छिक आहे म्हणून कोणी भरत नाही, आणि भरलं तरी ते जातं जीएसटीच्या बाजूला, बँकेच्या बाजूला काहीच पोचत नाही. कायदा मात्र बिल आणि पेमेंट जोडूनच धरतो. घेणाऱ्याने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट उलटवावं लागतं. तुम्ही मायक्रो किंवा स्मॉलमध्ये असाल, आणि ६-७ कोटींची उलाढाल आताच्या व्याख्येने मायक्रोच्या मर्यादेत बसते, तर लेखी करार असला तरी ४५ दिवस ही कमाल मुदत, करार नसेल तर १५. आयकरात ४३बी(एच) आल्यापासून मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावटीला मिळतो. म्हणजे प्रत्येक बिलाचे पैसे कधी दिले हे तीन कायदे विचारतात आणि ते शोधायचं मात्र तुमच्या मिसेससारख्या माणसांनी हाताने.

उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा नंबर, बिलावर छापलाय का? नसेल तर आधी ते करा.

सूतवाला_इचलकरंजी

लेथवाले भाऊ तुमचं दुःख समजतं पण एक बाजू मी पण मांडतो. आमच्याकडं कापडाच्या धंद्यात दलालामार्फत माल जातो आणि मुदत, वटाव सगळं तोंडी ठरतं. लवकर पेमेंट दिलं तर इतका वटाव, उशीर झाला तर नाही, मालात डाग निघाला तर मीटरमागं काही कापतात. मग बिल १ लाखाचं असलं तरी येणारी रक्कम कधीच १ लाख नसते. अशा ठिकाणी स्कॅन केला की पक्की रक्कम गेली असं झालं तर धंदा कसा करायचा? आणि दुसरं, बिल सरकारला दिसतंय, आता प्रत्येक बिलाचे पैसे कधी आले हेही दिसायला लागलं तर लहान माणसाच्या डोक्यावर अजून एक रिटर्न यायचं ही भीती वाटते. ई-वे बिल, ई-इनव्हॉइस, ओटीपी, एवढं सांभाळायला माझ्याकडं वेगळा माणूस ठेवावा लागलाय, त्याचा पगार मालाच्या भावात निघत नाही.

स्टँडर्ड पाहिजे हे मान्य. पण ते करणाऱ्यांनी वटाव काय असतो ते एकदा पेठेत येऊन बघावं.

निवृत्त_बँकवाला_कराड

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच क्लिअरिंग आणि रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणून लिहितो. लेथवाल्या दादांच्या घरात आज जे चाललंय ते आमच्या शाखेत रोज चालायचं.

तेव्हा कराडहून नागपूरला पैसे पाठवायचे तर डीडी, नाहीतर एमटी म्हणजे मेल ट्रान्सफर, घाई असेल तर टीटी म्हणजे तारेने. एका शाखेने नावे टाकायचं, दुसऱ्या शाखेने जमा टाकायचं आणि दोघांचा मेळ हेड ऑफिसला बसायचा. अॅडव्हाइसचा कागद पोस्टात हरवला की एंट्री लोंबकळत राहायची, महिनोन्महिने. आंतरशाखा मेळ हे सरकारी बँकांचं फार जुनं दुखणं होतं. मग डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर यांत्रिकीकरणाला जोर आला, एमआयसीआर म्हणजे मशीनने वाचता येणारे चेक आले. चेकच्या तळाला ते नऊ आकडे असतात ना, पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे, मुंबई ४००, पुणे ४११. आज कोणी त्याकडे बघत नाही पण देशातल्या सगळ्या बँकांनी एकाच मापाचा, एकाच शाईचा, एकाच जागी आकडे असलेला चेक काढायचा ठरवणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. युनियनचा विरोध, ग्राहकांची कुरकुर, सगळं बघितलंय.

मग २००४ ला आरटीजीएस, २००५ ला एनईएफटी. आयएफएससीचे ११ अक्षरं-आकडे आले, पहिली चार बँकेची, मग शून्य, मग सहा शाखेचे. आपल्या भागातल्या बऱ्याच नागरी सहकारी बँका यात उशिरा आल्या, त्यांना मोठ्या बँकेच्या आधाराने सब-मेंबर म्हणून यावं लागलं आणि त्यांच्या ग्राहकाचे पैसे अर्धा दिवस मध्येच अडकायचे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८. पुढच्या डिसेंबरात आरटीजीएसही चोवीस तास. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण रविवारी रात्री मुलाला पैसे पाठवले आणि ते पोचल्याचा मेसेज आला तेव्हा बायकोला उठवून दाखवला.

आता नीट ऐका. या सगळ्या सुधारणेत आम्ही दोनच प्रश्न सोडवले. पैसे कोणाच्या खात्यात आणि किती लवकर. पैसे कशाचे हा प्रश्न कोणी बँकेचा मानलाच नाही. तुम्हाला मिळतो तो यूटीआर, एनईएफटीला १६ आणि आरटीजीएसला २२ अक्षरांचा, तो बँकेने बँकेसाठी काढलेला नंबर आहे, त्याचा तुमच्या बिलाशी संबंध नाही. बरं, जागा नाही असंही नाही. आपलं आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २०२२२... माफ करा, २००२२ या जागतिक पद्धतीच्या मेसेजवर चालतं आणि त्या मेसेजमध्ये पेमेंटचा तपशील न्यायला रीतसर रकाना आहे. पण भरणाऱ्याच्या स्क्रीनवर 'रिमार्क्स' म्हणून एवढीशी पट्टी असते, त्यात माणूस 'पेमेंट' असं लिहितो आणि तुमच्या स्टेटमेंटवर छापताना तेही अर्धं कापलं जातं. गटार मोठं बांधलं आणि तोंडाशी जाळी बारीक बसवली, तसं झालंय.

एक चांगलं अलीकडे झालं, एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय बँकांना करायला लावली. त्याआधी फक्त नंबर बघून जमा व्हायचं, एक आकडा चुकला की पैसे तिसऱ्याच्या खात्यात. ही मागणी आम्ही शाखेत असल्यापासूनची.

परभणीकर_झ्युरिक

बँकवाल्या काकांची शेवटून दुसरी पॅरा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मूळचा परभणीचा, झ्युरिकला अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि लेथवाले दादा तुम्ही जे मागताय ते इथं चालू आहे. म्हणजे अगदी तेच.

इथं बिल पोस्टानं घरी येतं अजून, दाताच्या डॉक्टरचं पण. पूर्वी त्याला खाली एक पावती जोडलेली असायची, लाल किंवा नारिंगी. लालवर हातानं लिहायचं, नारिंगीवर छापील रेफरन्स नंबर असायचा. बँकांचे फॉरमॅट वेगळे, पोस्टाची बँक वेगळी, सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळ्यांसाठी वेगळं लिहायचं. मग सगळ्या बँकांनी मिळून आयएसओ २००२२ वर यायचं ठरवलं आणि ३० जून २०२० ला क्यूआर-बिल आणलं. बिलाच्या खाली २१० बाय १०५ मिलिमीटरची पट्टी, डावीकडं पावती, उजवीकडं पेमेंटचा भाग, त्यात ४६ मिलिमीटरचा चौकोनी क्यूआर आणि मधोमध छोटा स्विस क्रॉस. आकार, फॉन्ट, कुठली ओळ कुठं हे सगळं ठरलेलं. सव्वादोन वर्षं जुनं-नवं दोन्ही चाललं आणि ३० सप्टेंबर २०२२ नंतर लाल-नारिंगी दोन्ही बंद. आजी-आजोबा लोक अजून कागद घेऊन पोस्टाच्या खिडकीत जातात, त्यांनाही तोच कागद चालतो, हे मला फार आवडलं.

आता कामाची गोष्ट. त्या क्यूआरमध्ये २७ आकडी रेफरन्स असतो, शेवटचा आकडा तपासणीचा, म्हणजे हातानं टाकताना चुकला तर सिस्टीम घेतच नाही. हा रेफरन्स पेमेंटच्या मेसेजबरोबर शेवटपर्यंत जातो आणि विकणाऱ्याच्या बँकेकडून त्याच्या सॉफ्टवेअरला फाइल येते त्यात तसाच असतो. बिल आपोआप बंद होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यासाठी खात्याला वेगळा आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खातेनंबर) देतात, क्यूआर-आयबॅन म्हणतात, त्यावर रेफरन्सशिवाय पैसे पाठवताच येत नाहीत. भरणाऱ्याच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नाही. इथलं यश त्या क्रॉसवाल्या क्यूआरचं नाही, या एका नियमाचं आहे असं मला तरी वाटतं.

सूतवाले काका, तुमच्या वटावाचं उत्तर पण आहे. रक्कम मोकळी ठेवता येते. आणि बिलाची माहिती म्हणून जो जास्तीचा रकाना आहे त्यात '१० दिवसांत दिलं तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण' असं मशीनला कळेल अशा भाषेत लिहायची पद्धत आहे. म्हणजे पेठेतला वटाव इथंही आहे, फक्त लिहून ठेवलाय.

पण आपलं सगळं मागं आणि इथलं सगळं पुढं असं मुळीच नाही बरं का. इथं बिल कुठल्याही सरकारी पोर्टलवर आधी नोंदवायला लागत नाही, त्यामुळं बिल खरं की खोटं हे कळायची आपल्यासारखी सोय नाही. आणि दोन मिनिटांत पैसे पोचणं ही इथं नवलाईची गोष्ट आहे, झटपट पेमेंट मोठ्या बँकांना ऑगस्ट २०२४ पासून स्वीकारणं बंधनकारक झालं. माझ्या आईला परभणीत भाजीवाल्याकडं ते २०१७ पासून मिळतंय. भारतात दोन्ही अर्धे रस्ते उत्तम बांधून झालेत, आयआरएनचा आणि एनईएफटी-यूपीआयचा, मधला पूल तेवढा राहिलाय. आयआरएन ६४ अक्षरांचा आहे, तो पेमेंटच्या मेसेजमध्ये गेला तर फार मोठी गोष्ट होईल, कारण खरं ठरलेलं बिल आणि त्याचे पैसे एकाच नंबरवर.

सीए_मिरज

परभणीकर, खूप छान लिहिलंत. एक सांगते, तो पूल आपल्याकडे एका ठिकाणी बांधलेला आहे, ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर. लहान उद्योगाने बिल तिथे टाकायचं, कंपनीने मान्य केलं की बँका बोली लावतात, तुम्हाला पैसे लगेच, आणि मुदतीला कंपनीच्या खात्यातून आपोआप वळते. कंपनीने पुढे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. २५० कोटींवरच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली. तिथे प्रत्येक रुपया बिलाला बांधलेला असतो. पण नोंदणी करणं आणि बिल मान्य करणं यात फरक आहे, कंपनीने मान्य केलं नाही तर गाडी तिथेच थांबते. दादा, तुमच्या पुण्याच्या पार्ट्या मोठ्या असतील तर विचारून बघा.

पिंपरी_अकाउंट्स_पेएबल

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे ज्यांच्याकडून तुमचे पैसे येतात त्या खुर्चीत बसतो (तुमच्या कंपनीत नाही, दुसरीकडे). इथं कसं चालतं ते सांगितलं तर तुमचं निम्मं काम सोपं होईल.

आमच्याकडे बिल आलं की ते ईआरपीत (कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन गोष्टींशी जुळतं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल आत आल्याची नोंद, आणि बिल. तिन्ही जुळलं तरच बुक होतं. तुमचं ते १२,९८० चं सॅम्पलचं बिल मी न बघता सांगतो, जीआरएन झाला नसणार, सॅम्पल लॉट क्वालिटीवाले थेट उचलून नेतात आणि स्टोअरला नोंद होत नाही. बिल बुकच झालं नाही म्हणून टीडीएस पण कापला गेला नाही, तुमचे ११० रुपये तिथून आले. अशा वेळी अकाउंट्सला फोन करून उपयोग नाही, स्टोअर आणि क्वालिटीला फोन करायचा.

मग महिन्यातून दोनदा पेमेंट रन. सिस्टीम एका व्हेंडरची सगळी देय बिलं एकत्र करते, टीडीएस, डेबिट नोट वजा करते आणि एका व्हेंडरची एकच ओळ बँकेच्या फाइलमध्ये जाते. दोन-तीनशे व्हेंडरची एक फाइल. प्रत्येक बँकेच्या फाइलचा साचा वेगळा, आमच्या तीन बँका आहेत तर तीन साचे, बँक बदलली की आयटीवाले महिनाभर त्यातच. त्या ओळीत रिमार्कला जागा थोडी, नऊ बिलांचे नंबर त्यात मावत नाहीत, म्हणून आम्ही फक्त आमचा पेमेंट डॉक्युमेंट नंबर टाकतो. म्हणजे मुद्दाम कोणी करत नाही हे लक्षात घ्या.

पण आमच्या सिस्टीममध्ये पूर्ण तपशील असतो आणि त्याच दिवशी पेमेंट अॅडव्हाइस मेलवर जातो, बिलवार, टीडीएस, डेबिट नोट सगळं. तो तुम्हाला येत नाही याचा अर्थ बहुतेक व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे कंपनीतल्या पुरवठादारांच्या नोंदीत, तुमचा मेल चुकीचा किंवा जुना आहे. आधी ते तपासा. निम्म्या तक्रारी इथं मिटतात हे अनुभवाने सांगतो.

आणि तुमच्या बँकेला व्हर्च्युअल अकाउंटबद्दल विचारा. प्रत्येक पार्टीला तुमच्याच खात्याचा वेगळा व्हर्च्युअल नंबर द्यायचा, पैसे एकाच खात्यात येतात पण कोणाकडून आले ते नंबरवरून पक्कं कळतं. बिल कळत नाही, पार्टी कळते.

निवृत्त_बँकवाला_कराड

हे उत्तर वाचून बरं वाटलं. आम्ही काउंटरच्या आत बसून कधी विचार केला नाही की फाइल भरणारा माणूसही त्या एवढ्याशा पट्टीला वैतागलेला असतो. प्रत्येक बँकेचा अपलोड साचा वेगळा असायचं आज काही कारण नाही. चेक एका मापाचा करायला लावला होता तसं फाइलचंही करायला लावता येईल, त्याला नवीन तंत्र लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

सूतवाला_इचलकरंजी

परभणीकरांचं वटावाचं वाचलं. तोंडी ठरतं ते लिहून ठेवलं तर आमचंच भलं आहे हे खरं, वर्षाच्या शेवटी दलालाबरोबर वटावावरूनच वाद होतात. आयआरएन बँकेत गेला तर वेगळं रिटर्न लागणार नाही असं जर आधी लिहून दिलं तर माझा विरोध नाही.

लेथवाला_शिरोली

मंडळी, आठ दिवसांनी येतोय, सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

पिंपरीवाल्या दादांनी सांगितलं तसं त्या पार्टीला व्हेंडर मास्टर तपासायला लावला. आमचा मेल म्हणून जो होता तो आमच्याकडं पूर्वी पार्ट टाइम येणाऱ्या अकाउंटंटचा, तो २०२१ लाच दुसरीकडं गेला. एवढी वर्षं अॅडव्हाइस त्याच्या मेलवर जात होते आणि मिसेस इथं कॅल्क्युलेटर घेऊन बसत होती. त्याला फोन केला, बिचाऱ्यानं शोधून सगळे पुढं पाठवले, मागच्या दोन वर्षांचं 'ऑन अकाउंट' त्यावरून सुटतंय. सॅम्पलच्या बिलाचंही तसंच निघालं, जीआरएन नव्हता. स्टोअरच्या माणसाला चलनाची कॉपी पाठवली, पुढच्या रनला घेतो म्हणाला.

सीए ताई, उद्यम नंबर बिलावर घेतला आणि टॅलीत पेमेंटचे रकाने पण भरले, खातेनंबर, आयएफएससी, ४५ दिवस. कोणी वाचत नसलं तरी बिलात आहे. ट्रेड्सबद्दल पुण्याच्या एका पार्टीला विचारलंय. बँकेत व्हर्च्युअल अकाउंटची चौकशी केली, मिळेल म्हणाले, चार्ज किती ते ठरायचंय.

काल ४,१२,६०० चं एक पेमेंट आलं, सहा बिलं, एक डेबिट नोट. अॅडव्हाइस नवीन मेलवर आला होता. मिसेसनं वीस मिनिटांत 'अगेन्स्ट रेफरन्स', म्हणजे रक्कम बिलवार, लावून सहाही बिलं बंद केली आणि पोरीला घेऊन रंकाळ्यावर गेली. महिन्याच्या दहा तारखेला ती संध्याकाळी मोकळी असं लग्नानंतर मी पहिल्यांदा बघितलं.

क्यूआर-बिलासारखं आपल्याकडं यायला पाहिजे आणि सक्तीनं यायला पाहिजे या मताचा मी आता पक्का झालोय, रेफरन्स नाही तर पेमेंट नाही, एवढा एक नियम. तोवर बाकीच्या दहा पार्ट्यांना हा मेल पाठवतोय, कोणाला वापरायचा असेल तर घ्या, काही सुधारणा असेल तर सांगा:

"महोदय, आपल्या व्हेंडर मास्टरमध्ये आमचा मेल पत्ता सोबत दिल्याप्रमाणे बदलून घ्यावा. प्रत्येक पेमेंटच्या दिवशी यूटीआर नंबर, बिलांचे नंबर, प्रत्येक बिलावर कापलेला टीडीएस आणि वजा केलेल्या डेबिट नोटचे नंबर कळवावेत. जे बिल थांबवलं असेल त्याचं कारण आणि जीआरएन झाला आहे की नाही तेही कळवावं, म्हणजे आम्ही त्याच दिवशी आपल्या स्टोअरशी बोलू."